वजीर गेल्यावर

आये, काल दुपारी माझा वजीर गेला. कुणी फसवलं नाही, कुणी घाई लावली नाही. समोरचं एक प्यादं उघडं दिसलं, मला राहवलं नाही, वजीर उचलला आणि नेऊन त्याच्यावर ठेवला. बोटं सुटली आणि मग दिसलं की पार कोपऱ्यात समोरच्याचा उंट बसलाय, नेमका त्या तिरक्या रांगेत, चार दिवस जागचा न हललेला. एका प्याद्यासाठी वजीर. तू असतीस तर विडीचं पान कातरता कातरता, मान वर न करता म्हणाली असतीस, "सकाळी जेवला न्हाईस का रं?"

समोर चाचा होता. चाचा म्हणजे इथला वेल्डर, बिहारकडचा, दाढी पांढरी झालेला माणूस. त्याने लगेच वजीर उचलला नाही. चष्मा कपाळावर सारला, आधी वजिराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "देख ले एक बार," म्हणाला. मी म्हणालो, "हाथ छूट गया चाचा." "छूट गया तो छूट गया," म्हणाला, आणि उंट सरकवून माझा वजीर उचलला, सदऱ्याला पुसला आणि डब्यात ठेवला. पुसला कशाला देव जाणे. मग हात पुढे केला. "हाथ मिला ले बेटा, चाय पीते हैं. अब क्या बचा है." भोवती चारपाच जण उभे होते, ते हसायला लागले. "सोलापूर तो उठ गया समझो," एक जण म्हणाला. इथं मला नावानं कुणी हाक मारत नाही, सोलापूर म्हणतात. आणि खरं सांगू, मी उठलोच होतो अर्धा. एक गुडघा जमिनीवर, एक वर. तेवढ्यात भोंगा वाजला, जेवणाची सुट्टी संपली. चाचाने पट तसाच्या तसा दोन्ही हातांनी उचलून कपाटावर ठेवला, एक सोंगटी हलू दिली नाही, आणि जाता जाता म्हणाला, "सोमवार को बता देना. जल्दी किस बात की."

आज रविवार आहे. काम बंद आहे. पत्र्याच्या खोलीच्या दारात ऊन आलंय तिथं बसून हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, तू असतीस तरी शेजारच्या अक्काच्या लेकीकडून वाचून घेतलं असतंस आणि अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असतं. आता ती भीती नाही, म्हणून लिहायला बरं वाटतंय.

मी कुठं आहे ते आधी सांगतो. उत्तरेला लांब डोंगरात बोगदा खोदायचं काम चालू आहे, तिथं. आपल्याकडं नजर जाईल तिथवर सपाट, आणि इथं मान पार मागे टाकल्याशिवाय आभाळ दिसत नाही. आत फोडलेल्या दगडावर मशीन सिमेंटचा मारा करतं, त्या मशीनचा पाइप धरायचं माझं काम. एका जागी पाय रोवून उभं राहायचं, पाइप हातात सापासारखा तडफडतो, तो सोडायचा नाही. मला एका जागी उभं राहायचा पगार मिळतो हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आम्ही बुद्धिबळ खेळतो. प्लायवूडच्या तुकड्यावर मार्करनं घरं आखलीत, सोंगट्या प्लास्टिकच्या, हरवल्यात त्यांच्या जागी नटबोल्ट. एक डाव चारचार, पाचपाच दिवस चालतो. हा डाव मंगळवारी सुरू झाला होता.

आता अडचण अशी आहे. गोव्याकडच्या एका साइटवरनं फोन आलाय, मागं हैदराबादला माझ्या बरोबर होता त्या पोराचा. ये म्हणतोय, इथल्यापेक्षा बरं काम आहे, थंडी नाही. मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. किराणा घेऊन येणारी गाडी उद्या खाली जाणार आहे, बरोबर जेवणाच्या सुट्टीत. पुढची कधी जाईल ते रस्ता ठरवतो, दरड पडली की पंधरापंधरा दिवस नाही. म्हणजे उद्या एकच्या सुमाराला मी गाडीत बसलेला असेन नाहीतर त्या प्लायवूडसमोर. दोन्ही जमणार नाही. बॅग खाटेखाली आहे, ती तशीही कधी पूर्ण रिकामी झालेली नाही.

काल रात्रीपर्यंत मला वाटत होतं की गोव्याचा विचार वेगळा आणि डावाचा वेगळा. आज सकाळी दात घासताना उगाच आठवत गेलो, कुठली जागा कधी सोडली. पुण्यात हॉटेलात ग्लासांचा ट्रे हातातून पडला, मालक काही बोलायच्या आत मी ॲप्रन काढून ठेवला होता. सुरतेला मागावर माझ्या चुकीनं ताणा तुटला, जोडायला दोन दिवस लागले असते, मी संध्याकाळच्या गाडीत होतो. हैदराबादला तर नुसतं मुकादमानं दुसऱ्याला चांगलं म्हटलं होतं. प्रत्येक वेळी काहीतरी मोठं गेलं की मी उठलो. कुणी हाकललं नाही गं कधी. वजीर पडला की मीच पट गुंडाळायचो.

पट गुंडाळ हा तुझाच शब्द. मामा सांगोल्याकडनं यायचा, खांद्यावर घोंगडं, हातात बोरांची नाहीतर हुरड्याची पिशवी, आणि पाणी प्यायच्या आधी म्हणायचा, "काढ गं पट." तो पट आजोबानं केलेला. पांढऱ्या मांजरपाटावर जुन्या घोंगड्याचे काळे चौकोन टाचलेले, आणि सोंगट्या बाभळीच्या, चाकूनं कोरलेल्या. मेंढरं दिवसभर चरायची, आजोबा आणि त्याचा भाऊ झाडाखाली खेळायचे, आणि तू लहानपणी तिथं बघून बघून शिकलीस. तिथली रीत अशी होती की वजीर पडला की डाव सोडायचा आणि उठायचं, कारण मेंढरांना पाण्यावर न्यायचं असायचं, हरलेल्या डावासाठी मेंढरं थांबत नाहीत. मामानं दोनदा तुझा वजीर मारलेला मी बघितलाय. दोन्ही वेळेला तू वाद घातला नाहीस, तोंड पाडलं नाहीस. "पट गुंडाळ," म्हणालीस, "मला पानं भिजत घालायचीत." आणि हसत उठलीस. मी ते बघून शिकलो. फक्त तू उठून पानं भिजत घालायचीस, हातातलं काम तुझं चालूच असायचं. ते मी बघितलं नाही.

तुझी खेळायची तऱ्हा जगात कुणाची नसेल. भिंतीला टेकून बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. पानावर चिमूट टाकायची, वळायची, दोऱ्याची गाठ, तोंड दुमडलं की विडी खाली. डोळे हातावर. हात पटाला लावायला वेळच नाही, आणि तंबाखूचे हात तू सोंगट्यांना लावायची नाहीस. म्हणून तुझ्या सोंगट्या मी हलवायचो. तू तोंडानं सांगायचीस, "घोडा काढ, भाईरच्या अंगानं. न्हाय न्हाय, दुसरा. हां." माझा डाव मी खेळायचो आणि तुझा पण माझ्याच हातानं. शेजारची अक्का, तेलगू घरातली, तिच्या घरात दोन माग दिवसभर खडखडायचे, ती दारात टेकून बघायची आणि म्हणायची, "असला कसला खेळ गं तुझा? दोन्हीकडनं पोरगंच खेळतंय, आणि हरतंय पण पोरगंच!" तू म्हणायचीस, "हात त्याचं हायती, डोस्कं माजं हाय. हरंल न्हाय तर काय."

आणि हरायचोच मी. तीन वर्षांत एकदाही जिंकलो नाही.

आठवीच्या वर्षी मी शाळेला कंटाळलो. कंटाळलो म्हणजे अंगात मुंग्या यायच्या बाकावर बसल्यावर. गल्लीतला एक पोरगा पुण्याला चालला होता, हॉटेलात दोघं लागतील म्हणाला. आबा मागावर, त्यांना विचारायची सोय नव्हती, ते बोलायचेच कमी. तुला विचारलं. तू विडी वळत होतीस. अजून पाचसहा विड्या वळल्यास. मग म्हणालीस, "असं कर. मला एक डाव हरव. मग कुटं जायचं तितं जा, मी आडवी येणार न्हाय. हरलास तर आठवीचा पेपर द्याचा, आन नववीला बसायचं."

"आणि तू बरोबरी केलीस तर?"

"आदी हरव तर. मग बरोबरीचं बघू."

तो डाव मला सगळा पाठ आहे. दुपारची वेळ होती, अक्काचे माग वीज गेल्यामुळं बंद होते, म्हणून ती आपल्या उंबऱ्यात येऊन बसली होती. मी चांगला खेळत होतो, आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला. तरी तू हळूहळू दाबत आणलंस. मग तू म्हणालीस, "वजीर आण. माझ्या डाव्या उंटाच्या म्होरं ठेव." तुझ्या दातात दोरा होता, डोळे गाठीवर होते. उंटाच्या पुढचं घर मोकळं होतं. त्याच्या शेजारचं पण मोकळं होतं, आणि त्या शेजारच्या घरावर माझ्या घोड्याची नजर होती. मी वजीर उचलला आणि शेजारच्या घरात ठेवला.

चुकून नाही आये. कळून ठेवला. 

तू दोरा तोडलास, मान वर केलीस आणि पटाकडं बघितलंस. मग माझ्याकडं. मी आधीच बोलून बसलो, "तूच म्हणालीस तिथं ठेव." कुणी विचारलं पण नव्हतं. तू म्हणालीस, "व्हय का? म्हनले असंन." आणि परत पान उचललंस. "खा की मग. बगत काय बसलास?"

मी घोड्यानं वजीर मारला आणि वाट बघायला लागलो, तू आता पट गुंडाळ म्हणशील. मी तर मनातनं पिशवी भरायला लागलो होतो. तू म्हणालीस, "हत्ती काढ दोन घरं."

"आये, वजीर गेलाय तुझा."

"दिसतंय मला. हत्ती काढ."

मी काढला. पुढच्या खेळीला तो हत्ती माझ्या प्याद्याच्या तोंडात होता. मी खाल्ला. मग तुझा उंट उघड्यावर आला, तो खाल्ला. घोडा आला, घोडा खाल्ला. तू एकेक सांगत होतीस आणि मी तुझ्या सोंगट्या माझ्याच हातानं आणून माझ्याच तोंडापुढं ठेवत होतो आणि खात होतो. प्यादी सुद्धा सोडली नाहीत. अक्का म्हणाली, "अय्यो, पोरगं सुटलंय की आज!" मला वाटलं तू खचलीस. मला वाईट वाटायला लागलं होतं, खरंच, आणि तरी खात होतो. शेवटी तुझा राजा आणि एक हत्ती राहिला. तू म्हणालीस, "हत्ती तुझ्या राजाच्या अंगाला लावून ठेव." ठेवला. "शह. पळायला जागा न्हाय तुला. खावंच लागंल." बघितलं तर खरंच नव्हती जागा. माझ्याच सोंगट्यांनी माझा राजा कोंडला होता. हत्ती खाल्ला.

"झालं का पोटभर?" तू विचारलंस. मग हातातली विडी खाली ठेवलीस, हात झटकलेस, आणि हसलीस. "माझा राजा एकटा राह्यला. बुर्जी."

बुर्जी मला ठाऊक होती, तूच सांगितली होतीस कधीतरी, आजोबांच्या नियमातली. समोरच्याची सगळी मोहरी खाऊन टाकली आणि नुसता राजा ठेवला, की डाव तिथंच थांबतो. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. म्हणून जिंकणाऱ्यानं समोरच्याचं एक तरी मोहरं शिल्लक ठेवायचं असतं आणि मग मात करायची असते. मला आठवलंच नाही. खायच्या नादात कुणाला आठवणार? अक्काला काही कळेना, ती विचारते, "मग कोण जिंकलं म्हणायचं?" तू म्हणालीस, "कोणच न्हाय. अर्धं त्याचं, अर्धं माझं." आणि मला म्हणालीस, "पेपर दे आठवीचा, ते माझं अर्धं. मग जा पुण्याला, ते तुझं."

सुतासारखा सरळ निवाडा होता. दुसरी बाई असती तर कानफटात मारली असती. तू घोड्याचा, वजिराचा, शेजारच्या घराचा एका शब्दानं उल्लेख केला नाहीस, ना तेव्हा, ना नंतर. आणि मी काय केलं, तर पेपराच्या तीन दिवस आधी, तू विड्यांची टोपली घेऊन कारखान्यात माल द्यायला गेली होतीस तेव्हा, पिशवी भरली आणि निघून गेलो. अक्कानं बघितलं होतं मला जाताना. तिला सांगितलं, दुकानात चाललोय.

तू फोनवर कधी रागावली नाहीस. अक्काच्या घरच्या फोनवर यायचीस, मागाच्या आवाजात ओरडून बोलायचीस. जेवलास का, थंडी हाय का तितं, हात भाजून घेऊ नको. एकदा म्हणालीस, "आरं, तो वजीर सापडंना. डब्यात बाकी समदं हाय, वजीरच न्हाय. उंदरानं नेला का काय?" मी म्हणालो, "असंल गं कुठंतरी. खाटेखाली बघ." "बगितलं की. दोनदा बगितलं." मग फोनमधले पैसे संपले का काय झालं, फोन बंद झाला.

त्यानंतर तीन वर्षांनी तू गेलीस. खोकला होता, तो वाढला, मी सुरतेहून पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. दहाव्यापर्यंत थांबलो. तेराव्यापर्यंत पण नाही. त्या दिवसात एका दुपारी अक्का तो सोंगट्यांचा डबा घेऊन आली. मी उघडला. वजिराच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ होतं, विड्यांच्या दोऱ्याचं, लाकडी, कोळशानं वरती एक रेघ ओढलेलं. "तू गेल्यावर मला शिकवलं तिनं," अक्का म्हणाली. "मी म्हटलं, मला कशाला या वयात. तर म्हणाली, मला हात पायजेत. मग रोज खेळायचो बघ आमी दुपारचं. रीळ घेऊन खेळायची, त्याला वजीर म्हणायची, एवढं लाडानं!" आणि मग काही विचार न करता सहज म्हणाली, "पयल्याच दिवशी मला सांगितलं होतं तिनं. अक्का, मी सांगंन तितंच ठेवायचं. तेवढं एकच पथ्य."

मी डबा बंद केला. आबांना म्हणालो, अक्काकडंच राहू दे.

आज सकाळी चाचा नळावर कपडे धूत होता. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. हिंदीतच विचारलं, "चाचा, सगळी मोहरी खाल्ली आणि नुसता राजा उरला तर तुमच्यात काय म्हणतात?"

"हार गया, बोलते हैं. और क्या?"

"आमच्याकडं बुर्जी म्हणतात. बरोबरी धरतात."

"भुर्जी?" चाचा हसायला लागला, साबणाचा हात दाढीला लागला. "अंडे वाली? किस गाँव का कानून है रे ये?" मी सगळं समजावून सांगितलं, आजोबा, मेंढरं, तू. तुझ्याबद्दल फक्त तू विड्या वळत खेळायचीस एवढंच सांगितलं. तो ऐकत राहिला, सदरा पिळायचा थांबला. मग म्हणाला, "अच्छा कानून है. अगली बाज़ी उसी पर खेलेंगे. पर इस में नहीं, बेटा. ये तो शुरू में बोलना था." बरोबरच आहे त्याचं. मी पण तेच म्हणालो असतो.

मग जाता जाता त्याने विचारलं, "तो कल बैठेगा या गाड़ी पकड़ेगा?" गाडीचं त्याला कुणी सांगितलं माहीत नाही. या डोंगरात सगळ्यांना सगळं कळतं. 

म्हणजे उद्याच्या डावाला बुर्जी नाही. बसलो तर हरणार, यात शंका नाही. माझ्याकडं एक हत्ती, एक घोडा आणि चार प्यादी आहेत, त्याच्याकडं वजीर आणि अजून पुष्कळ काही. चाचा म्हातारा आहे पण आंधळा नाही. त्याच्याकडनं चूक होईल अशी आशा ठेवून बसणं म्हणजे दुसऱ्याच्या वाईटावर टपून बसणं, ते मला नको आहे. मग कशाला बसायचं, हा हिशेब मी सकाळपासून दहादा केला. उठून चहा प्यायचा, हात मिळवायचा, गाडीत बसायचं. त्यात कुणाचा अपमान नाही. तू पण उठायचीसच की मामासमोर.

पण मामासमोर उठायचीस तेव्हा मेंढरं नव्हती गं तुझ्याकडं, पानं होती. ती भिजायला घालायचीच होती. मला उद्या एक वाजता कुठली मेंढरं पाण्यावर न्यायचीत? गोव्याला तरी काय आहे, एक दिवस तिथं पण काहीतरी हातातून पडेल. आणि ज्या दिवशी उठून जायला तुला सगळ्यात सोपं होतं, समोर बसलेल्यानं तुला उघड उघड लुबाडलं होतं, त्या दिवशी तू म्हणालीस हत्ती काढ. ते मला हरवायला नव्हतं, हे कळायला मला अकरा वर्षं लागली. मला पिशवी भरायला अजून थोडा उशीर व्हावा म्हणून तू एकेक सोंगटी देत होतीस.

मी गोव्याच्या पोराला मघाशी मेसेज केला, आत्ता येत नाही. त्याचा लगेच फोन आला, मी उचलला नाही, उचलला असता तर कदाचित बदललं असतं. उद्या एक वाजता मी जेवण लवकर आटपून तिथं जाऊन बसणार आहे, सगळ्यांच्या आधी. ते म्हणतील सोलापूर अजून बसलाय, म्हणू देत. माझी खेळी काय असणार ते पण ठरवलंय, हत्ती काढणार, दोन घरं. मात होईपर्यंत बसायचं. मात कशी होते, हे मी एवढ्या वर्षांत समोर बसून कधी बघितलंच नाही. प्रत्येक वेळी त्याच्या आधी उठलोय. मग बघू, हात मिळवायचा तो शेवटी मिळवू.

ऊन सरकलं, आता पायावर सावली आलीय, थंडी वाजायला लागली. कागद संपत आला. हे पत्र बॅगेत जाईल, त्या आतल्या कप्प्यात, दुसरं कुठं जाणार. तिथं एक वस्तू आहे, ती मघाशी लिहायला बसताना बाहेर काढली होती आणि कागद उडू नये म्हणून वर ठेवली होती. बाभळीची आहे, मानेजवळ चाकूची खाच आहे. पुण्याला असताना तिला तंबाखूचा वास यायचा. तू सोंगट्यांना हात लावायची नाहीस तरी कसा लागला होता कोण जाणे. आता येत नाही. कुठल्याच पटावर मी ती कधी मांडली नाही, आणि उद्या पण मांडणार नाही, चाचाचा नियम मोडेल म्हणून नाही, मला ती मांडायचा हक्क नाही म्हणून. उंदराला उगाच बोललीस, आये. त्याने काही नेलं नव्हतं.